आमच्या फर्माइशी मनावर घेऊ नका : मॅरिलियनला खुलं पत्र

प्रिय स्टीव्ह, स्टीव्ह, मार्क, पीट आणि इयन,

एकाच ब्रिटिश रॉक बँडमध्ये दोन स्टीव्ह असले की पत्राची सुरुवातच अशी अडखळते. चाहते गिटार वाजवणाऱ्या रॉदरीला ‘रॉदर्स’ म्हणतात आणि गाणाऱ्या हॉगर्थला नुसतं ‘एच’. मीही पुढे तसंच म्हणेन. पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्यापैकी कुणी ते वाचण्याची शक्यता जवळपास शून्य. तरी लिहितेय. कारण हे बोलणं तुमच्याइतकंच तुमच्या चाहत्यांना ऐकवायचंय, आणि त्यांतल्या सगळ्यात हट्टी चाहतीला, म्हणजे मला.

सांगायचं एवढंच, की आमच्या फर्माइशी मनावर घेऊ नका.

झालं असं, की मागच्या महिन्यात जुने कागद आवरताना एक लिफाफा सापडला. आत सहा फुलस्केप पानं. १९९८ साली मीच तुम्हाला लिहिलेलं आणि सुदैवाने न पाठवलेलं पत्र. तुमचा ‘रेडिएशन’ हा अल्बम तेव्हा नुकताच आला होता आणि मला तो अजिबात आवडला नव्हता. पत्राचा सूर म्हणाल तर वर्गशिक्षिकेने पालकांना चिठ्ठी पाठवावी तसा. ‘ब्रेव्ह’सारखा अल्बम पुन्हा करा. गाणी लांब हवीत. रॉदर्सचा सोलो आलाच पाहिजे, तो नसेल तर गाणं कशाला? एचने आवाज असा चुरगाळून का टाकलाय? आणि शेवटी एक ओळ, जी इथे उतरवतानाही कसंतरी होतंय : ‘तुम्ही आम्हाला गृहीत धरताय.’

वाचता वाचता कानशिलं तापली. त्या मुलीला जे हवं होतं ते तुम्ही दिलं असतंत तर ‘ब्रेव्ह’च्या चार-पाच नकला निघाल्या असत्या, तिने त्या कौतुकाने विकत घेतल्या असत्या आणि तिसऱ्या नकलेनंतर कंटाळून तुम्हाला सोडून दिलं असतं. ‘मार्बल्स’ हा अल्बम झाला नसता. त्यातलं ‘द इनव्हिजिबल मॅन’ झालं नसतं. मी आज हे पत्र लिहीत नसते.

तिचं एक म्हणणं मात्र खरं निघालं. ध्वनी. सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर पडतायत अशी तिची तक्रार होती, आणि २०१३ मध्ये तुम्ही स्वतःच तो अल्बम नव्याने मिक्स करून बाजारात आणलात. म्हणजे चाहत्यांना कळतच नाही असं नाही. कुठे दुखतंय ते आम्ही बरोबर सांगतो, पण लगेच औषधही आम्हीच लिहून द्यायला बसतो, घोळ तिथे होतो.

‘ब्रेव्ह’चाच हट्ट का होता, तेही सांगून टाकते. सेव्हर्न नदीवरच्या पुलावर एक मुलगी भटकताना सापडली, ती कुणाशी बोलेना, स्वतःचं नावही सांगेना, म्हणून पोलिसांनी रेडिओवरून लोकांना आवाहन केलं. एचने ते ऐकलं आणि कागदावर टिपून ठेवलं. काही वर्षांनी त्याच टिपणातून ही मुलगी तिथवर कशी पोचली असेल याची कल्पित गोष्ट उभी राहिली. रेकॉर्ड कंपनीला तुमच्याकडून झटपट अल्बम हवा होता. तुम्ही फ्रान्समधल्या एका जुन्या गढीत, मारुआतच्या किल्ल्यात, सामान नेऊन ठेवलंत आणि महिनेच्या महिने घालवलेत. १९९४ मध्ये अल्बम आला. वेष्टनावर सूचना होती, दिवे घालवून मोठ्या आवाजात ऐका. मी ती अक्षरशः पाळली. दार लावलं, दिवा घालवला, गादीवर उताणी पडले, आणि सत्तर मिनिटांनी दिवा लावायला उठले तेव्हा माझा डावा हात पूर्ण बधिर झाला होता. त्यावर डोकं ठेवून पडलेय हे मला समजलंच नव्हतं.

माझ्याकडे सीडी होती. रेकॉर्डची गंमत फार उशिरा कळली, एका मैत्रिणीकडे. तबकडीच्या शेवटच्या बाजूवर शेजारी शेजारी दोन खाचा कोरलेल्या आहेत. सुई एकीत पडली तर गोष्टीचा शेवट ‘मेड अगेन’ने होतो : सकाळ, सुटका, पुन्हा जगणं. दुसरीत पडली तर ते गाणं येतच नाही, मुलगी पुलावरून परतत नाही, उरतो नुसता पाण्याचा आवाज. सुई कुठे पडेल हे ऐकणाऱ्याच्या हातात नाही. मैत्रिणीने सुई ठेवली, पाणी आलं. मी म्हटलं, पुन्हा ठेव. पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आता काही येऊ दे, मी उचलणार नाही.” आम्ही दोघी वाकून त्या काळ्या तबकडीकडे बघत राहिलो, जणू बघून काही फरक पडणार होता. आला ‘मेड अगेन’. इतकं बरं वाटलं की दोघींना हसू आलं.

आता दादाबद्दल. माझा थोरला भाऊ माझ्याही आधीपासून तुमचा चाहता, पण १९८८ पर्यंतचाच. ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ची कॅसेट घरात त्यानेच आणली. १९८५ मध्ये तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, ‘केली’ हे गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि तिकडे कितीतरी नव्या मुलींची नावं त्या गाण्यावरून ठेवली गेली. (मार्क, तुमचं आडनाव आणि त्या मुलीचं नाव मराठीत लिहिलं की एकच दिसतं. वर्षानुवर्षं दादाला वाटत होतं की गाणं तुमच्या घरातल्या कुणावर आहे.) मग तेव्हाचा गायक फिश बँड सोडून गेला आणि दादाच्या लेखी विषय संपला. “मॅरिलियन अठ्ठ्याऐंशीला वारली,” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याच्या बाजूने बघितलं तर चुकीचं काय होतं त्यात? ज्याचा चेहरा रंगवलेला, ज्याचे शब्द, ज्याचा आवाज, तोच गेला. लोक सहसा अशा वेळी हुबेहूब तसाच गाणारा शोधतात आणि जुनी गाणी म्हणवून घेत पोट भरतात. तुमच्यापुढेही ती वाट होती, आणि तेव्हा आम्हाला कुणी विचारलं असतं तर आम्ही एकमुखाने तिकडेच बोट दाखवलं असतं. तुम्ही १९८९ च्या सुरुवातीला आणलंत कुणाला, तर ज्याचा आवाज फिशच्या जवळपासही जात नाही, जो गाणं सोडून दूध टाकायचं काम धरावं का या विचारात होता, आणि जो येताना कॅसेटींनी भरलेली एक लाल प्लॅस्टिकची बादली घेऊन आला. त्या बादलीत ‘ईस्टर’ हे गाणं होतं. त्याच वर्षी ‘सीझन्स एंड’ निघाला. तेव्हापासून माणसं तीच पाच आहेत. इतकी वर्षं पाच जणांनी एका खोलीत काढणं म्हणजे काय, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

दादा मात्र ढिम्म. फक्त एकदा, मी बाहेरच्या खोलीत ‘नेव्हरलँड’ लावलं होतं, तर तो आतून आला. दारातच थांबला. गिटार चढत चढत वर गेली, तिथे थोडी रेंगाळली. “रॉदरी ना?” त्याने विचारलं. मी मान हलवली. “हं,” म्हणाला आणि परत आत गेला. त्यानंतर त्याने एकही अल्बम ऐकलेला नाही. मीही आग्रह केलेला नाही.

हा सगळा इतिहास उगाळण्याचं कारण, लोक तुमचं नाव हल्ली काढतात ते पैशांच्या गोष्टीसाठी. इंटरनेटवरून चाहत्यांकडून पैसे उभे करणारा पहिला बँड, असं. गोष्ट खरीच आहे. १९९७ मध्ये मार्कने सांगून टाकलं की अमेरिकेचा दौरा जमणार नाही. तिथल्या दौऱ्यात हजारो डॉलरची तूट येते, ती पूर्वी रेकॉर्ड कंपनी सोसायची, आता सोसत नाही. त्यावर तिथल्या चाहत्यांनी, तुम्ही मागितलेलं नसताना, खातं उघडलं आणि सुमारे ६० हजार डॉलर जमवले. यातली मला सगळ्यात आवडती गोष्ट अशी, की ज्यांनी पैसे दिले त्यांनी नंतर कार्यक्रमाची तिकिटंही वेगळी काढली. मग २००१ चा ‘अनोरॅक्नोफोबिया’. एक सूरही लिहिला गेलेला नसताना तुम्ही विचारलंत, आगाऊ पैसे भराल का, आणि १२ हजारांवर लोकांनी भरले. लोकांकडून पैसे उभारून देणारी किकस्टार्टर ही वेबसाइट सुरू व्हायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता. ‘मार्बल्स’च्या वेळी तर आगाऊ पैसे भरणाऱ्यांची नावं अल्बमसोबतच्या पुस्तकात छापलीत. आणि २०२१ च्या अखेरीस, कोविडमुळे दौरा बंद पडला तर नुकसान भरून देणारा विमा मिळेना, तेव्हा चाहत्यांनीच जवळजवळ दीड लाख पौंड बाजूला काढून ठेवले. दौरा नीट पार पडला तर पैसे परत, अशी बोली. दौरा पार पडला.

व्यवस्थापनाची पुस्तकं लिहिणाऱ्यांना यात एक युक्ती दिसते. ‘मार्बल्स’मधली ती नावांची पानं मी मैत्रिणीच्या प्रतीत बघितली आहेत. बारीक टाइपात ओळीमागून ओळ. तिचं नाव शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली, आणि सापडल्यावर तिने त्यावर बोट ठेवलं नाही, शाई पुसली जाईल म्हणून. छापलेली शाई! या बाईने अल्बम ऐकायच्या कितीतरी आधी पैसे भरले होते. तिला काय मिळणार हे तिला ठाऊक नव्हतं. तुम्हालाही ठाऊक नव्हतं. दुकानात कुणी असं गिऱ्हाईक बघितलंय?

तिने तुम्हाला पैसे दिले ते तुम्ही १९८९ मध्ये तिला न विचारता बादलीवाल्या माणसाला घरात घेतलंत म्हणून. ‘ब्रेव्ह’ला वेळ लागेल तेवढा लावलात म्हणून. मला भीती वाटते ती याची, की इतक्या लोकांचे इतके पैसे डोक्यावर असले की माणसाचा हात आपोआप आखडतो. ज्याचं खावं त्याच्या तोंडाकडे बघावंसं वाटतंच.

आजवर तरी तुम्ही बघितलेलं नाही. आगाऊ पैशांवर निघालेल्या त्या पहिल्याच अल्बमसोबत तुम्ही समीक्षकांना बजावलं होतंत, की लिहिताना ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’, ‘जेनेसिस’, ‘फिश’, ‘डायनोसॉर’ असले शब्द वापरायचे नाहीत. वापरलेत तर अल्बम ऐकलाच नाही असं आम्ही समजू. (या पत्रात त्यातला एक शब्द आधीच येऊन गेलाय. दादा घरात असताना तो टाळणं अशक्य आहे.) २०१२ मध्ये अल्बमच्या अगदी तोंडाशी सतरा मिनिटांचं ‘गाझा’ ठेवलंत. तिथल्या एका मुलाच्या नजरेतून लिहिलेलं. बऱ्याच चाहत्यांना ते रुचलं नाही. गाण्यात राजकारण कशाला, असं ओळखीतले दोघेतिघे म्हणाले. मीही आधी बिचकले. पण गाणं दहा मिनिटं सरून शांत होतं, आणि त्या शांततेत एचचा आवाज एकटाच उरतो, तिथे माझी हरकत गळून पडली.

मग २०१६ चा ‘फिअर’. आमच्याच पैशांतून केलेला आणि पैशांवरच चिडलेला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पुढची तीन गाणी, प्रत्येकाचे तुकडे, एकही रेडिओवर वाजण्यासारखं नाही. त्यातलं ‘द लीव्हर्स’ निघून जाणाऱ्यांबद्दल आहे : रात्री गावात येऊन, गाऊन, सामान बसमध्ये भरून पहाटे निघणारे तुम्ही, आणि मागे राहणारे बाकी सगळे. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तुमचा कार्यक्रम झाला. आयुष्यात कधीतरी तिथे वाजवायला मिळावं असं प्रत्येकाला वाटतं, आणि तिथे माणूस साहजिकच ठेवणीतलं बाहेर काढतो. तुम्ही पूर्वार्धात हा नवा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलात.

तुम्ही गाणी कशी करता तेही मी वाचलंय. बकिंगहॅमशरमधल्या तुमच्या रॅकेट क्लब स्टुडिओत पाच जण बसता, काहीही ठरवत नाही, वाजवत राहता. सगळं रेकॉर्ड होतं. मग तुमचा निर्माता माइक हंटर तासन्‌तासांच्या त्या कचऱ्यातून तांदूळ निवडावे तसे चांगले तुकडे निवडतो, आणि त्यांतून हळूहळू गाणं जुळतं. यात महिने जातात, वर्षं जातात. इयन सत्तरी ओलांडून गेलेत. बाकीचेही काही तरुण नाहीत. आमच्यातले काही जण हिशेब करायला लागलेत, की या वेगाने अजून किती अल्बम होतील. एक? दोन? या धास्तीतून फर्माइशी वाढतात. शेवटचा असेल तर निदान ‘ब्रेव्ह’सारखा असू दे. निदान त्यात अमुक असू दे. अठ्ठ्याण्णव सालच्या माझ्या पत्रासारखी पत्रं आता बरेच जण लिहीत असतील, आणि ती पाठवणं आता फार सोपं झालंय.

त्यांना आणि मला मी ‘केअर’ची आठवण करून देईन. २०२२ च्या अल्बममधलं शेवटचं गाणं. साथीच्या दिवसांत लोकांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. असं गाणं कुणी मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर ते बहुधा फार वाईट झालं असतं, आभारप्रदर्शनासारखं. तो अल्बम ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. इतक्या वर तुमचा अल्बम १९८७ नंतर गेलाच नव्हता. पण आकडे जाऊ देत. माझी एक नात्यातली बहीण नर्स आहे, रॉक संगीताशी तिचा काडीचा संबंध नाही. तिला मी फक्त शेवटची पाच मिनिटं ऐकवली. इंग्रजी शब्द तिला सगळे कळले नाहीत. ती इयरफोन काढून म्हणाली, “हा माणूस दवाखान्यात बसलेला दिसतोय कधीतरी.” बस्स.

‘एस्टोनिया’चंही असंच. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात त्या नावाची बोट बुडाली, ८५२ माणसं गेली. वाचलेल्यांपैकी एकजण एचला पुढे भेटला आणि त्यातून ते गाणं आलं. १९९७ मध्ये अल्बम आला तेव्हा मी ते गाणं वगळून पुढे जायची. फार संथ वाटायचं. अठ्ठ्याण्णवच्या पत्रात त्याचाही उद्धार केलेला आहे, पान चार. बाबा गेले त्या आठवड्यात, तेरा वर्षांनी, मी दुसरं काहीही ऐकू शकत नव्हते. मला जे नको होतं ते तुम्ही तेव्हाच करून ठेवलं होतंत, आणि मला लागेपर्यंत ते तिथेच होतं.

म्हणून म्हणते, पुढचा अल्बम जेव्हा यायचा तेव्हा येऊ दे. तीन मिनिटांची गाणी असली तरी चालतील. रॉदर्सना सोलो वाजवावासा वाटला नाही तर नका वाजवू. पीटच्या बासवर सगळं तोलून धरायचं असेल तर तसं करा, तो ते करतोच, फक्त कुणी बोलत नाही. तीन दिवसांच्या तुमच्या मेळाव्यात चाहत्यांना रंगमंचावर बोलावून एकेकाच्या जागी वाजवायला देता, ते खुशाल चालू ठेवा. तेवढा एक खेळ पुरे आहे आम्हाला तुमच्या जागी उभं राहण्यासाठी. मला अल्बम आवडला नाही तर मी कुरकुर करेन, सहा पानं लिहीन. पैसे आगाऊ भरेन. पत्र पाठवणार नाही.

तुमची,
१९९४ पासूनची एक चाहती

ता. क. : दादा मागे उभा राहून वाचतोय. म्हणतोय, ‘ग्रेंडेल’चं लिही, पहिल्या सिंगलच्या मागचं, सतरा मिनिटांचं, एकदा तरी वाजवा म्हणावं. मी म्हटलं, अरे, अख्खं पत्र कशाबद्दल आहे? तो म्हणतोय, तरी लिही. लिहिलंय.